विपत्काळांतील शाळा आणि श्रद्धेचें शिक्षण



सुकाळांत शाळा चालविणें सोपें नसलें तरी सरळ असतें. घंटा होते, प्रार्थना होते, हजेरी घेतली जाते आणि धड्यामागून धडा चालतो. पवित्र शास्त्राच्या तासाला मुलें दाविदाची गोष्ट ऐकतात, वचनें पाठ म्हणतात व गुण मिळवितात. परंतु कधीं पाऊस दगा देतो, कधीं साथ येते, कधीं दूरच्या युद्धाची झळ आपल्या उंबऱ्याला लागते. मुलें पांगतात, शिक्षक आजारी पडतात, घरांतील मिळवता माणूस रिकामा बसतो. अशा वेळीं गणित व भूगोल मागें पडले तर ते पुढें भरून काढतां येतात. पण त्याच वेळीं मूल एक निराळाच प्रश्न विचारूं लागतें, आणि तो कोणत्याही क्रमिक पुस्तकांत छापलेला नसतो. ज्या देवाविषयीं आम्हांस शिकविलें, तो आतां कोठें आहे? ह्या प्रश्नाच्या प्रसंगीं शाळेनें व घरानें कसें वागावें, याचा विचार ह्या पाठांत करावयाचा आहे. त्यासाठीं आपण प्रथम शास्त्रांतील एक शाळा पाहूं, आणि मग शिरूर व दौंड ह्या आपल्याच दोन तालुक्यांकडे वळूं.

गिलगाल येथील हंडा

एलीयाच्या मागून अलीशा इस्राएलांत संदेष्टा झाला. त्याच्या देखरेखीखालीं तरुणांचे समुदाय एकत्र राहत व शिकत असत. शास्त्रांत त्यांस संदेष्ट्यांचे पुत्र म्हटलें आहे. ॲडव्हेंटिस्ट शिक्षणाचा पाया घालणाऱ्या एलन व्हाइट यांनीं १९०३ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या शिक्षणविषयक ग्रंथांत ह्या शाळांवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिलें आहे. त्यांपैकीं गिलगाल येथील शाळेची हकीकत राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायांत येते. अलीशा तेथें आला तेव्हां देशांत दुष्काळ होता. शिष्य त्याच्यापुढें बसले होते. गुरूनें पहिली आज्ञा केली ती मोठा हंडा चुलीवर चढविण्याची. एक जण रानांत भाजी आणावयास गेला आणि न ओळखतां एका रानवेलीचीं फळें ओटी भरून घेऊन आला. तीं चिरून हंड्यांत टाकलीं. खातांना इतरांस समजलें कीं हें अन्न प्राणघातक आहे, व ते ओरडले. अलीशानें पीठ मागवून त्यांत टाकलें, आणि तें अन्न सर्वांस खाण्याजोगें झालें.

ह्या लहानशा गोष्टींत विचार करण्याजोगें पुष्कळ आहे. दुष्काळ पडला म्हणून शाळा मोडली नाहीं. शिष्य गुरूपुढें बसलेले होते. पोट रिकामें असतां केवळ उपदेश करावा असें त्या गुरूस वाटलें नाहीं. आणि ज्यानें अज्ञानानें विषारी फळें आणलीं, त्याला कोणीं दोष दिल्याचें शास्त्रांत लिहिलेलें नाहीं. हंडा सुधारण्यांत आला, इतकेंच लिहिलें आहे. सहाव्या अध्यायांत हेच शिष्य जागा अपुरी पडते म्हणून स्वतः लांकडें तोडून घर बांधावयास निघाले. त्यांतील एकाच्या कुऱ्हाडीचें पातें पाण्यांत पडलें, तेव्हां त्यास दुःख झालें तें ती कुऱ्हाड उसनी आणली होती म्हणून. हातानें काम करणें आणि दुसऱ्याची वस्तु परत करण्याची चिंता बाळगणें, हींही त्या शाळेंतलींच शिकवण होती.

केडगांव, दौंड आणि शिरूर

आतां आपल्या जिल्ह्याकडे येऊं. १८९६ सालीं पाऊस अपुरा पडला व मध्यप्रांतांत आणि दख्खनेंत दुष्काळ पसरला. त्याच वर्षीं मुंबईंत प्लेग शिरला आणि लवकरच तो पुण्यास पोहोंचला. मुलींच्या शिक्षणासाठीं ज्यांनीं आयुष्य वेंचलें त्या सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करतां करतां १० मार्च १८९७ रोजीं त्याच रोगानें मरण पावल्या.

पंडिता रमाबाईंचें शारदासदन तेव्हां पुण्यास होतें. ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईंत उघडलेली ही शाळा पुढच्याच वर्षीं पुण्यास आली होती. मध्यप्रांतांतील दुष्काळाची बातमी ऐकून रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. त्यांचे आईवडील दुष्काळाच्या हालअपेष्टांतच वारले होते; भुकेलें मूल कसें दिसतें हें त्यांना कोणीं सांगावयास नको होतें. त्यांनीं सुमारें तीनशें मुली व स्त्रिया आश्रयास आणण्याचा निश्चय केला. परंतु प्लेगमुळें शहरांत इतक्या जणींस ठेवण्यास परवानगी मिळेना. तेव्हां केडगांव येथें घेतलेल्या शेतावर त्यांना नेण्यांत आलें. हें ठिकाण दौंड तालुक्यांत, लोहमार्गाच्या कडेला आहे. आरंभीं तेथें पक्कें छप्पर नव्हतें. तंबू व झोपड्या होत्या, आणि पाण्यासाठीं विहिरी खणाव्या लागल्या. मुक्तिसदनाचा आरंभ असा झाला. पुढें १८९९–१९०० चा दुसरा व अधिक भयंकर दुष्काळ आला. रमाबाईंच्या कार्यकर्त्या स्त्रिया गुजराथेपर्यंत जाऊन निराश्रितांस घेऊन आल्या, आणि १९०० सालापर्यंत केडगांवची वस्ती सुमारें दीड हजारांवर गेली.

इतक्या मोठ्या समुदायास शिकविलें कोणीं? बाहेरून शिक्षक थोडेच आले. शारदासदनांत पूर्वीं शिकलेल्या मुलींनींच नव्यांस न्हाऊं घातलें, औषध दिलें, अक्षरें गिरवून घेतलीं व प्रार्थनेस बसविलें. काल जिला हात दिला, तिनें आज दुसरीला हात द्यावा, असा तेथील क्रम होता. शेती, विणकाम, शिवणकाम, तेलाचा घाणा व छापखाना असे उद्योग चालत. अंध मुलींसही शिक्षण व हातचें काम मिळे. रमाबाईंनीं इब्री व ग्रीक भाषांतून पवित्र शास्त्राचें मराठी भाषांतर केलें. हें काम त्यांनीं ५ एप्रिल १९२२ रोजीं झालेल्या आपल्या मृत्यूपूर्वीं थोडेंच आधीं संपविलें. तें शास्त्र मुक्तीच्याच छापखान्यांत तेथील स्त्रियांच्या हातून छापलें गेलें. दुष्काळांत निरक्षर आलेल्यांच्या वस्तींत हें घडलें, ही गोष्ट विद्यार्थ्यांनीं विसरूं नये.

मुलगे मात्र केडगांवांत ठेवतां येत नव्हते. त्यांच्यासाठीं जवळच दौंड येथें अल्बर्ट नॉर्टन यांनीं निराश्रित मुलग्यांचें ख्रिस्ती गृह चालविलें. घोडनदीच्या कांठीं शिरूर येथें अमेरिकन मराठी मिशनचें ठाणें होतें, आणि तेथें रेव्हरंड रिचर्ड विन्सर यांनीं अनेक वर्षें काम केलें. शिरूरच्या शाळेंत अक्षरओळखीबरोबर लांकूडकाम आणि घायपातापासून वाख काढणें असे धंदे शिकविले जात. जिरायत मुलुखांत, जेथें पावसाच्या भरंवशावर घर चालवितां येत नाहीं, तेथें मुलाच्या हातांत एखादी विद्या असावी, हा त्यामागील हेतु उघड आहे.

ह्या तिन्ही ठिकाणांपैकीं एकही ॲडव्हेंटिस्ट मंडळीचें नव्हतें. हीं कामें निरनिराळ्या पंथांच्या लोकांनीं केलीं. तरी ज्या मातींत आपण उभे आहोंत त्या मातींत हें बीज पूर्वींच पेरलेलें होतें. त्यांचें देणें मान्य करणें हा विद्यार्थिधर्म आहे.

भाकर आणि श्रद्धा

येथें एक कठीण प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळून चालणार नाहीं. भुकेल्या मुलास भाकर देणाऱ्या हातानेंच धर्म शिकविला, तर ती श्रद्धा खरी कीं भाकरीची परतफेड? हा प्रश्न टीकाकारांनीं त्या काळींही विचारला आहे, व तो रास्त आहे.

शारदासदनाच्या आरंभीं रमाबाईंनीं असें ठरविलें होतें कीं कोणत्याही मुलीच्या धर्मांत ढवळाढवळ करावयाची नाहीं. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे व डॉक्टर रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांसारखे थोर गृहस्थ सल्लागार मंडळांत होते. रमाबाईंच्या खासगी प्रार्थनेच्या वेळीं त्यांच्या खोलीचें दार उघडें असे, आणि कांहीं मुली आपण होऊन तेथें येऊन बसत. दार उघडें ठेवणें हाच प्रचार, असें कांहींस वाटलें. दार लावून घेणें म्हणजे आपला देव लपविणें, असें रमाबाईंस वाटलें. १८९३ सालीं सल्लागारांनीं राजीनामे दिले व अनेक पालकांनीं आपल्या मुली काढून नेल्या. दोन्ही बाजूंस सज्जन माणसें होतीं. त्यांच्या वादाचा निकाल देण्याचा आपणांस अधिकार नाहीं. पण त्यांतून शिकण्यासारखें आहे.

दार उघडें असावें, पण कोणास ओढून आंत आणूं नये; आणि जो आंत येत नाहीं त्याच्या ताटांतील भाकर अर्ध्या चतकोरानेंही कमी होऊं नये. गिलगालच्या हंड्यांतून वाढतांना अलीशानें कोणाच्या श्रद्धेची परीक्षा घेतली नाहीं. आज भारतीय संविधानाच्या २८ व्या अनुच्छेदानेंही, राज्यानें मान्यता किंवा साहाय्य दिलेल्या शाळेंत कोणासही त्याच्या संमतीवांचून, आणि तो अज्ञान असल्यास पालकांच्या संमतीवांचून, धार्मिक शिक्षणास अथवा उपासनेस बसण्याची सक्ति करतां येत नाहीं. मिशन शाळांतून नाना धर्मांच्या घरचीं मुलें शिकतात. त्यांच्या आईबापांनीं आपलें लेंकरूं विश्वासानें आमच्या हातीं दिलें आहे, हें शिक्षकानें रोज स्मरावें. सक्तीनें जें पाठ होतें तें परीक्षेनंतर विसरतें. विपत्तींत ज्यानें आपणांस फसविलें नाहीं त्याचा देव कोण, हें विचारण्याची इच्छा मात्र मुलाच्या मनांत आपोआप उत्पन्न होते.

मरण दाराशीं येतें तेव्हां

ॲडव्हेंटिस्ट कार्याचा हिंदुस्थानांतील आरंभही अशाच दिवसांतला आहे. जॉर्जिया बरस ही तरुणी जानेवारी १८९५ मध्यें कलकत्त्यास आली. मागून आणखी कार्यकर्ते आले, त्यांत डी. ए. रॉबिन्सन व एफ. डब्ल्यू. ब्राउन हे होते. आज झारखंडांत असलेल्या कर्माटार येथें काम करीत असतां १८९९ सालच्या डिसेंबरांत हे दोघेही कांहीं दिवसांच्या अंतरानें देवीच्या रोगानें वारले. लहानशा मंडळीवर हा घाला मोठाच होता. १८९८ सालीं आलेले विल्यम ॲम्ब्रोज स्पायसर हे त्या वेळीं येथें होते. त्यांनीं पुढील भार उचलला. पुण्याच्या औंध रस्त्यावरील ॲडव्हेंटिस्ट विद्यापीठास ज्यांचें नांव आहे ते हेच स्पायसर. सहकाऱ्यांच्या मरणानंतरही ज्यानें काम सोडलें नाहीं अशा माणसाचें तें नांव आहे.

अशा प्रसंगीं मुलाला काय सांगावें? ज्याचा बाप साथींत गेला तें मूल वर्गांत परत येऊन बसतें, तेव्हां शिक्षकाच्या जिभेवर उत्तरें येऊं लागतात. ईयोबाच्या मित्रांचें उदाहरण येथें ध्यानांत ठेवावें. ते आले, आणि सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले. कोणीं एक शब्द बोललें नाहीं. तोंवर ते चांगले मित्र होते. ईयोबावर हें संकट कां आलें याचीं कारणें ते सांगूं लागले तेव्हां त्यांचें चुकलें, व शेवटीं देवानेंच त्यांस दोष दिला. म्हणून दुःखी मुलास त्याचें दुःख म्हणजे शिक्षा आहे असें कधींही सांगूं नये. सर्व कांहीं भल्यासाठीं झालें असेंही घाईनें म्हणूं नये. त्याला रडूं द्यावें, विचारूं द्यावें, रागावूं द्यावें. स्तोत्रकर्त्यांनीं देवासमोर हेंच केलें आहे, आणि त्यांचीं गाऱ्हाणीं शास्त्रांतून कोणीं काढून टाकलीं नाहींत. जो मुलगा देवाकडे तक्रार करतो त्यानें देवाला सोडलेलें नसतें.

शाळा हलते, नित्यक्रम राहतो

१९१५ सालीं दक्षिणेंत कोइमतूर येथें ॲडव्हेंटिस्टांची एक प्रशिक्षण शाळा निघाली. थोड्याच वर्षांत ती बंगळुरास गेली, आणि १९४२ सालीं, महायुद्धाच्या ऐन धामधुमींत, पुण्याजवळ खडकीस आली. तीच पुढें स्पायसर महाविद्यालय म्हणून वाढली व २०१४ सालीं विद्यापीठ झाली. इमारती मागें राहिल्या. पण सकाळची उपासना, शेतांत व बेकरींत विद्यार्थ्यांनीं केलेलें काम, आणि शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंतचा शब्बाथ, हा क्रम शाळेबरोबर गेला. शाळा म्हणजे भिंती नव्हेत हें त्या स्थलांतरानें दिसून आलें.

आपल्या पिढीनें हाच धडा २०२० सालीं घेतला. त्या वर्षींच्या मार्चांत करोनाच्या साथीमुळें शाळांचीं दारें लागलीं आणि ग्रामीण महाराष्ट्रांतील पांचवीपासून पुढचे वर्ग सरसकट उघडावयास ४ ऑक्टोबर २०२१ उजाडला. मोबाइलवर धडे आले. पण वाड्यावस्त्यांवर कोठें रेंज नव्हती, कोठें तीन भावंडांत एकच फोन होता. त्या दिवसांत शाळा जी कांहीं उरली ती घराच्या ओट्यावर. ज्या घरांत रोज ठराविक वेळीं दिवा लागल्यावर पांच मिनिटें एकत्र बसण्याची रीत होती, तेथें मुलास दिवसाचा कांहीं आधार राहिला.

कांहीं मुलांच्या वांट्याला हा विस्कळितपणा दरवर्षीं येतो. दौंडच्या ऊसपट्ट्यांत दिवाळीच्या सुमारास बीड व अहिल्यानगर जिल्ह्यांतून ऊसतोडणी कामगारांच्या गाड्या येतात. त्यांबरोबर मुलें येतात आणि हंगामभर त्यांची गांवची शाळा सुटते. आपल्या गांवाच्या शिवारांत कोप्यांतून राहणारें असें मूल दिसलें, तर एखादें जुनें पुस्तक घेऊन त्याच्याशेजारीं बसणें, हा मुक्तिसदनांतील थोरल्या मुलींचा धडा आपणही गिरवूं शकतों.

विश्वास आणि विश्वासूपणा

आपल्या भाषेंत विश्वास व विश्वासू हे दोन शब्द एकाच मुळापासून निघाले आहेत. शास्त्राच्या मूळ इब्री व ग्रीक भाषांतही श्रद्धा आणि प्रामाणिकपणा हे दोन्ही अर्थ एकाच शब्दांत सामावतात. मुलाला अदृश्य देवावर विश्वास ठेवावयास शिकवावयाचें असेल, तर त्याला दिसणारीं माणसें प्रथम विश्वासू असलीं पाहिजेत. सात वाजतां येतों म्हणून सांगणारे गुरुजी सात वाजतां येतात, दिलेलें वचन आई अडचणींतही पाळते, उसनी कुऱ्हाड परत केली जाते. ह्याच अक्षरांनीं श्रद्धेची बाराखडी लिहिली जाते. सुकाळांत हीं अक्षरें पुसट दिसतात, विपत्काळांत तीं ठळक होतात. पौलानें तीमथ्याच्या श्रद्धेचा उल्लेख करतांना त्याची आजी लोईस व आई युनीके यांचें स्मरण केलें आहे. त्या दोघींची पाठशाळा घरच होती.

पालकहो, मुलाचा प्रश्न ऐकून घाबरूं नका, व त्यास गप्प करूं नका. उत्तर ठाऊक नसेल तर मला ठाऊक नाहीं असें सांगा, आणि त्याच्याजवळ बसा. विद्यार्थ्यांनो, तुमच्या वर्गांतील एखादा सोबती पुष्कळ दिवस गैरहजर असेल तर त्याचें घर शोधून काढा. जातांना वही न्या, आणि जमल्यास भाकरही न्या. तो कोणत्या देवाची प्रार्थना करतो हें आधीं विचारूं नका.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. गिलगाल येथें अलीशानें धड्याआधीं हंडा कां चढवावयास लावला असेल? तुमच्या शाळेंत असा हंडा कोणता?

२. उसन्या कुऱ्हाडीविषयीं त्या शिष्यास वाटलेली चिंता श्रद्धेशीं कशी जोडलेली आहे?

३. १८९३ सालच्या शारदासदनाच्या वादांत रमाबाईंची बाजू व सल्लागारांची बाजू प्रत्येकीं पांच वाक्यांत प्रामाणिकपणें मांडा.

४. ईयोबाच्या मित्रांचे पहिले सात दिवस व त्यापुढील दिवस यांची तुलना करा.

५. २०२० सालीं तुमच्या घरांत कोणता नित्यक्रम टिकला व कोणता मोडला, हें आईवडिलांशीं बोलून लिहा.

६. तुमच्या गांवांतील सत्तरीपुढील एखाद्या व्यक्तीस १९७२ च्या दुष्काळाविषयीं विचारा, आणि त्या वेळीं त्यांना कोणाच्या विश्वासूपणामुळें धीर आला तें लिहून आणा.